कानउघाडणी

अलिबागच्या बाजारपेठेतील एका जुन्या किराणा पेढीवर एक लहानशी चूक घडली. नागावच्या एका खानावळवाल्याने दूरध्वनीवरून साठ किलो तांदूळ मागवला. गादीवर बसलेल्या बापूजींनी तो आठ किलो ऐकला आणि तेवढाच पाठवला. नुकसान फारसे झाले नाही. टेम्पोची एक खेप वाढली, इतकेच. परंतु त्याच महिन्यात पुन्हा एकदा साठाचे आठ झाले, तेव्हा बापूजींनी रात्री रोजमेळ मिटवून गल्ल्याची किल्ली मुलाच्या हाती ठेवली. पंचेचाळीस वर्षे ज्या कानांच्या बळावर पेढी चालली, ते कान आता हिशेबाला पक्के राहिले नाहीत, असे त्यांनी स्वतःच ठरविले.

व्यापाऱ्याचे कान हे त्याचे अर्धे भांडवल असते. गिऱ्हाइकाच्या आवाजातील घासाघीस कुठे संपते आणि खरी अडचण कुठे सुरू होते, हे बापूजी मान वर न करता ओळखत. पोते खाली टेकल्याच्या आवाजावरून वजनाचा अंदाज घेत. ते कान निवृत्त झाले आणि त्यांच्यापुढे मोठा रिकामा दिवस उभा राहिला. गुडघ्यांमुळे उपाश्रयाच्या पायऱ्याही अवघड झाल्या होत्या. आजोबांचा वेळ जावा म्हणून नातीने त्यांना कान पूर्ण झाकणारा हेडफोन आणून दिला. रस्त्यावरच्या रिक्षा, शेजारचा दूरदर्शन संच, पावसाचा पत्र्यावरचा मारा हे सारे बंद झाले आणि कानात केवळ स्तवने व प्रवचने उरली. बापूजी तृप्त झाले. घरच्यांनाही वाटले, बरे झाले. म्हातारपणी जीव धर्मात रमला.

गेल्या आषाढातील एका दुपारी मुलगा पेढीवर होता, सून आणि नात पेणला गेल्या होत्या. बा मागच्या मोरीत घसरल्या. मनगट मोडले, कमरेला मार बसला, उठता येईना. त्यांनी हाका मारल्या. एक भिंत सोडून पलीकडच्या खोलीत बापूजी प्रवचन ऐकत होते. विषय होता जयणा. चालताना, बसताना, बोलताना सूक्ष्म जीवालाही आपल्यामुळे इजा होऊ नये म्हणून राखावयाची सावधानता. प्रवचन संपले, बापूजींनी हेडफोन उतरविला, तेव्हा त्यांना हाक ऐकू आली. बा पाऊण तासाहून अधिक वेळ ओल्या फरशीवर पडून होत्या. पुढे कोणीतरी हिशेब केला, तो साधारण एका सामायिकाइतका निघाला.

हाताला प्लास्टर घालून घरी आल्यावर बा रागावल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, "तुमचे कान धर्माकडे होते, म्हणून मी काही बोलत नाही. पण अहो, धर्माचे कान घराकडे नकोत का?"

मराठीत ज्याला कानउघाडणी म्हणतात, ती याहून सौम्य शब्दांत क्वचितच झाली असेल.

बापूजींनी त्याच दिवशी हेडफोनचा त्याग केला. पण त्यागाचाही भार कधी कधी दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो. आता स्तवने मोबाईलच्या ध्वनिवर्धकावर लागू लागली. कमी ऐकू येत असल्याने आवाज पूर्ण चढवावा लागे. नात दहावीत होती. तिचा अभ्यास मोडे. बांना दुपारची झोप मिळेना. शेजाऱ्यांनी एकदा दार वाजविले. मग बापूजींनी ऐकणेच सोडले आणि दिवसभर खिडकीशी बसून राहू लागले. कानात आवाज असताना ते घरापासून दूर गेले होते. आवाज गेल्यावर ते आणखी दूर गेले.

मुलाने आधी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले. बंद खोलीत बसवून, प्रत्येक कानात निरनिराळ्या उंचीचे बारीक स्वर सोडून तपासणी झाली. कागदावरची रेघ डावीकडे, म्हणजे खर्जाच्या बाजूला, बरी होती. उजवीकडे, दोन हजार हर्ट्झच्या पुढे, ती उतरणीला लागली होती. वय झाले की ऐकणे असेच उतरते, तारसप्तकाकडून. 'अ', 'आ', 'ओ' हे स्वर खालच्या पट्टीत राहतात, ते ऐकू येतात. 'स', 'श', 'फ' यांचा सळसळता भाग वरच्या पट्टीत असतो, तो प्रथम हरवतो. साठातला 'स' गळाला की उरतो आठच. बापूजींनी तो कागद बराच वेळ हातात धरला. चूक हिशेबाची नव्हती, हे त्यांना त्या दिवशी प्रथम कळले.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की, माणसांशी बोलण्यासाठी श्रवणयंत्रच हवे; हेडफोन ही त्याची जागा घेणारी वस्तू नव्हे. मात्र ध्वनिमुद्रित प्रवचन ऐकायचे तर उघड्या पाठीचा हेडफोन घेऊन पाहावा आणि आवाज मर्यादेत ठेवावा.

उघड्या पाठीचा हेडफोन म्हणजे काय, हे नातीने समजावून दिले. हेडफोनमध्ये एक लोहचुंबक, त्याच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे आणि वेटोळ्याला चिकटलेला पातळ पडदा असतो. वेटोळ्यातून संगीताचा विद्युतप्रवाह गेला की पडदा थरथरतो. तो पुढे जितकी हवा ढकलतो, तितकीच मागेही. बंद हेडफोनमध्ये मागचा आवाज कवचात कोंडला जातो, भिंतीवर आपटून परततो. त्यामुळे खर्ज भरीव वाटतो, पण गाणारा जणू डोक्याच्या आत बसला आहे, असा भास होतो. उघड्या हेडफोनमध्ये कवचाला जाळी असते. मागचा आवाज मोकळा निघून जातो, खर्ज थोडा हलका पडतो, पण आवाजाला अंगण मिळते. तबला एका बाजूला, पेटी दुसरीकडे, गायक समोर. आणि जाळीतून आवाज जसा बाहेर जातो, तसा घरातला आवाज आतही येतो. १९६८ साली जर्मनीतील सेनहायझर कंपनीने 'एचडी ४१४' हा अशा प्रकारचा पहिला हेडफोन बाजारात आणला. पिवळ्या स्पंजाच्या गाद्यांचा तो हलका हेडफोन पुढे जगभर गेला.

चुंबकाची गोष्ट निघाल्यावर बापूजींना गावातील चुंबकीय वेधशाळा आठवली. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या धावू लागणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतील नाजूक चुंबकसूचीची नोंद बिघडणार, म्हणून तेथील चुंबकीय निरीक्षणे १९०४ पासून अलिबागला आली. इमारत बांधताना लोखंड कटाक्षाने टाळले गेले. "म्हणजे गोंगाट टाळायला ते समुद्र ओलांडून आले," बापूजी म्हणाले, "आणि पृथ्वीची हाक मात्र ऐकत राहिले." खिडकीशी बसू लागल्यापासून ते प्रथमच एवढे बोलले होते.

श्रावणात मुलगा मांडव्याहून रो-रो बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरला आणि लॅमिंग्टन रोड व दोन मित्रांची घरे पालथी घालून तीन उघडे हेडफोन आठवड्याच्या बोलीवर घेऊन आला. एक सेनहायझरचा 'एचडी ५६० एस', दुसरा बायरडायनॅमिकचा 'डीटी ९९० प्रो', तिसरा फिलिप्सचा 'एसएचपी ९५००'. बापूजींनी जुन्या सवयीने एक कोरी वही काढली, वर श्री लिहिले आणि प्रत्येकाचे एकेक खाते उघडून जमा व नावे अशा दोन बाजू आखल्या.

पहिला प्रश्न आवाजाचा नव्हता, चामड्याचा होता. कानाला टेकणारी गादी आणि डोक्यावरची पट्टी कशाची? महागड्या हेडफोनांत मेंढीचे कातडे सर्रास वापरतात. ऑडेझीसारखी कंपनी चामड्याविना गाद्यांचा पर्याय देते, पण तो मागून घ्यावा लागतो. मूळच्या ऑस्ट्रियन एकेजीचा 'के ७०१' कानाला मखमली असला, तरी त्याची डोक्यावरची पट्टी चामड्याची असते. नुसत्या गाद्या पाहणारा तिथे फसतो. आणलेल्या तिन्हींत कानाला कृत्रिम मखमल किंवा कापड होते. तरीही मुलाने विक्रेत्याकडून प्रत्येक भागाची खात्री करून घेतली होती. नावावर जाऊ नये, साहित्य विचारावे, हा पेढीचा नियम इथेही लागू पडला.

दुसरे खाते सुखाचे. कोकणातील श्रावण म्हणजे दमट हवा. बंद हेडफोनच्या रेक्झिनसारख्या गाद्यांखाली कान दहा मिनिटांत घामेजत. जाळीच्या हेडफोनमध्ये हवा खेळती राहते, हा फरक बापूजींनी पहिल्याच दिवशी जमेला लिहिला. फिलिप्सच्या गाद्या ऐसपैस, डोक्यावर दाब जवळजवळ नाही. तासाभराने तो घातल्याचे विसरायला होई. पण त्याच्या गाद्या सहजी काढून धुता येण्यासारख्या नव्हत्या. बायरडायनॅमिकची मखमल तिघांत मऊ, वजन अडीचशे ग्रॅम, पण बाजूचा दाब जाणवे आणि गुंडाळी असलेली जड वायर ओढ देई. सेनहायझर दोनशे चाळीस ग्रॅमचा. वायर वेगळी करता येणारी, गाद्या बदलता येणाऱ्या. मात्र नवा असल्याने चष्म्याच्या काड्या कानशिलावर रुतत. मुलाने तो जुन्या खतावण्यांच्या गठ्ठ्यावर दोन रात्री ताणून ठेवला, तेव्हा दाब सुसह्य झाला. गाद्यांना ओल धरून बुरशी येणे हा समुद्रकाठचा आणखी एक धोका. बुरशी पुसणे म्हणजे अनंत जीवांची विराधना. तेव्हा ती न येऊ देणे हीच जयणा. हेडफोन वापरानंतर कोरड्या कापडाने पुसून, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह पत्र्याच्या डब्यात ठेवावा, असे ठरले.

तिसरे खाते आवाजाचे, आणि इथे घरात मतभेद झाला. सगळ्यांनी एकच प्रवचन, एकच स्तवन आणि पेटी-तबल्यासह एकच ख्याल ऐकला. नातीच्या मते सेनहायझर सर्वांत समतोल होता. कोणताच स्वर पुढे पुढे करत नव्हता. फिलिप्स मोकळा, गोड, पण तबल्याच्या डग्ग्याला अंग कमी. बायरडायनॅमिकमध्ये वरचे स्वर मुद्दाम उजळलेले असतात. तिला त्यातला प्रत्येक 'स' टोचत होता. मुलानेही मान हलविली. बापूजींनी मात्र बायरडायनॅमिक कानावरून काढला आणि काही क्षण ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "महाराजसाहेबांच्या बोलण्यातले 'संयम' आणि 'शास्त्र' मला दोन वर्षांनी नीट ऐकू आले."

नातीला जे टोचत होते, तेच आजोबांना सापडले होते. चांगला आवाज ही वस्तूची एकटीची गोष्ट नसते. वस्तू आणि कान यांचा तो सौदा असतो. पंधरा वर्षांच्या कानाने लिहिलेला निवाडा शहात्तर वर्षांच्या कानाला लागू होतोच, असे नाही.

पण त्या हेडफोनचा विद्युतरोध अडीचशे ओहम. मोबाईलच्या बेताच्या जोराला तो दाद देत नाही. त्याला वेगळा वर्धक हवा. म्हणजे आणखी एक पेटी, आणखी एक वायर, म्हाताऱ्या पायांत अडकणारी. बत्तीस ओहमचा फिलिप्स याच्या उलट. मोबाईलला लावला की लगेच मोठा वाजे, आणि बापूजींचा हात नकळत आवाज चढवीत राही. सेनहायझर एकशे वीस ओहमचा, मधला. एका लहानशा जोडणीने तो मोबाईलवर पुरेसा वाजे. नातीने मोबाईलमधील स्वरसंतुलनाच्या पट्ट्यांतून वरच्या दोन थोड्या उचलल्या आणि 'संयम'मधला 'स' तिथेही उमटला.

शेवटची परीक्षा बांनी घेतली. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून रोजच्या आवाजात हाक मारली, "अहो!" 'अहो' या हाकेत 'स' नाही, 'श' नाही, तिचा सारा जोर स्वरांवर. बापूजींनी तिन्ही हेडफोनांतून ती ऐकली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आवाज बराच चढवून पुन्हा हाक मारायला सांगितले. ती एकाहीतून आली नाही. तेव्हा वहीच्या खाली त्यांनी एक ओळ लिहिली: पाठ उघडी असून भागत नाही, आवाज चढला की उघडेही बंदच.

या ओळीला वैद्यकाचाही आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलपर्यंत ४० तास ही सुरक्षित ऐकण्याची मर्यादा सांगितली आहे. मुलांसाठी ती ७५ डेसिबलची आहे. दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करावा लागतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०. आवाज थोडासाच वाढविला, असे म्हणणारा दुपटीने खर्च करीत असतो. ज्या घरांत मुले रात्री उशिरापर्यंत कान झाकून बसतात, त्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आठवडा संपला. सेनहायझर घरात राहिला, उरलेले दोन परत गेले. परिग्रहाची मर्यादा घेतलेल्या घरात एका कामाला एकच वस्तू, हा नियम होता. उघड्या हेडफोनमधून बाहेर झिरपणारा आवाज हा दोष, असे बाजारात सांगतात. या घरात तो आवाज रात्री शेजारच्या पलंगावर पोहोचू लागला. "अर्धे स्तवन मलाही ऐकू येते," बा म्हणाल्या, "तेव्हा अर्धे पुण्य माझ्या खात्यावर टाका." बापूजींनी खरोखरच वहीत तशी नोंद केली.

हेडफोन ऐकण्याचा एक नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला. एका बैठकीला ४८ मिनिटे, म्हणजे दोन घटका, एका सामायिकाइतकीच. त्यापुढे कानांना विसावा. हा आकडा कुठून आला, हे घरात कोणी विचारले नाही. खुद्द सामायिकात मात्र विजेच्या उपकरणाला स्पर्श नाही. ती ४८ मिनिटे ते कटासनावर नुसते बसतात आणि कान जे देतील ते घेतात. पागोळ्या, कुकरची शिटी, बांच्या पायांचा आवाज. तत्त्वार्थसूत्राने शब्दाला आकाशाचा गुण मानले नाही, पुद्गलाचा पर्याय म्हटले आहे. शब्द हे आघात करणारे, अडणारे, पोहोचणारे द्रव्य आहे, हे एखाद्याला पाठातून कळते. बापूजींना ते एका भिंतीने अडविलेल्या हाकेतून कळले. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतच्या क्रमात कान सर्वांत शेवटी येतो. इतक्या वाटचालीनंतर लाभलेले इंद्रिय कशाला खुले ठेवायचे आणि कशाला मिटायचे, हा विवेक त्याच्यासोबत आपोआप येत नाही.

श्रवणयंत्राला बापूजी बरेच दिवस राजी नव्हते. म्हातारपण कानावर मिरवायचे कशाला, असे ते म्हणत. पर्युषणाच्या आधी एके सकाळी ते स्वतःच मुलाला म्हणाले, "चल, ते यंत्रही घेऊन टाकू. हेडफोनमधून महाराजसाहेब ऐकू येतात. तुझ्या बाचा 'स' अजून ऐकायचा आहे."

संवत्सरीला प्रतिक्रमण करून मंडळी घरी परतली. धाकट्यांनी थोरांना वाकून मिच्छामि दुक्कडम् म्हटले. बापूजी दरवर्षी ओसरीवर बसून सर्वांचे खमतखामणा स्वीकारीत. यंदा ते काठी टेकत आत गेले. बा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. प्लास्टर निघाले होते, मनगट अजून सुजलेले होते. बापूजींनी त्यांच्यासमोर हात जोडले आणि नाव घेऊन म्हटले, "त्या दुपारसाठी, मिच्छामि दुक्कडम्."

बा हलक्या आवाजात काहीतरी बोलल्या. इतरांना ते ऐकू गेले नाही. बापूजींना गेले असावे, कारण ते तिथेच, उंबऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, गुडघे सांभाळीत हळूच बसले.

कार्तिकापासून ते रोज सकाळी तासभर पेढीवर येऊ लागले आहेत. गल्ल्याची किल्ली मुलाकडेच असते. दूरध्वनी आला की बापूजी आकडा ऐकतात, मोठ्याने पुन्हा उच्चारतात आणि समोरून होकार आल्याशिवाय वहीत मांडत नाहीत. नागावच्या खानावळवाल्याची मागणी अजूनही बहुधा साठ किलोचीच असते.